जुनी जीप, जुनं ऑइल

गेल्या मार्गशीर्षात मेव्हण्याच्या जीपमधून गुळाच्या ढेपी घेऊन आम्ही आंबा घाट उतरत होतो. खाली साखरपा दिसायला लागलं आणि मेव्हणा एकदम म्हणाला, "दाजी, पेडल खाली गेलं." चार-पाचदा पंप मारला, काही उपयोग नाही. पोरानं दुसरा गेअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. पुढचा बंपर गेला, एवढ्यावर निभावलं. चराऐवजी दरीची बाजू असती तर हे लिहायला मी नसतो.

गंमत पुढेच आहे. अर्धा तास दगडावर बसलो आणि सहज पेडल दाबून पाहिलं, तर ब्रेक ठणठणीत! खालच्या गावातल्या मिस्त्रीनं चारही चाकं उघडली. लायनर बरे, कप बरे, गळती कुठं नाही. "ब्रेकला काय झालेलं नाही" म्हणून तो मोकळा झाला. दुसऱ्या जाणत्या फिटरनं मात्र डबीचं झाकण काढून आतलं ऑइल बोटावर घेतलं. चहाच्या चोथ्यासारखा रंग. "किती वर्षं झाली बदलून?" मेव्हणा गप्प. गाडी घेतल्यापासून नऊ वर्षांत फक्त वरून भर घातली होती.

ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात मीठ ओलावतं तसं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात शंभराला पावणेचार भाग पाणी मुरलं की १४० अंशांवरच उकळू शकतं. घाटात सतत ब्रेक दाबला की चाकाशी तेवढी उष्णता सहज होते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फळीला टेकतं. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी. म्हणून मिस्त्रीला दोष सापडत नाही. उतारावर गाडी खालच्या गेअरमध्ये ठेवावी हे खरं, पण दर दोन वर्षांनी हे ऑइल पूर्ण बदलावं हे त्याहून खरं. काढताना लांबच्या चाकापासून, म्हणजे बहुधा डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात करावी आणि नवं स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत हवा काढत राहावं. डबा सीलबंदच घ्यावा. कपाटात उघडा पडलेला अर्धा डबा कामाचा नाही. आणि अडचणीत सुद्धा त्यात इंजिन ऑइल ओतू नये. रबरी कप फुगतात आणि सगळी लाइन बदलावी लागते.

रेडिएटरचं तसंच. बोअरचं पाणी ठिबकच्या नळ्यांत काय करतं ते आपण रोज पाहतो. तेच क्षार रेडिएटरमध्ये बसतात, मग गाडी चढाला गरम होते. शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घालावं. झाकण गाडी थंड झाल्यावरच उघडावं. काढलेलं कूलंट मात्र अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं. कुत्रं किंवा वासरू चाटून मरतं.

इंजिन ऑइलची पट्टी बहुतेक जण बघतात. डिझेलचं ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नये, ते चार दिवसांत काळं होतंच. पण झाकणाखाली दुधाळ साय दिसली किंवा पातळी आपोआप वाढली, तर पाणी नाहीतर डिझेल आत जातंय असं समजावं. गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा बदलावं.

सगळ्यात विसरतात ते गेअर बॉक्सचं आणि मागच्या क्राऊनचं ऑइल. तापलेली गाडी ओढ्यात घातली की हौसिंग एकदम थंड होतं आणि वरच्या बारीक भोकातून पाणी ओढून घेतं. पावसाळा संपला की बाजूचा नट काढून करंगळी घालून पाहावी. ऑइल भोकाच्या काठापर्यंत हवं आणि ताकासारखं पांढरं नको.

सरकारी गाड्या १५ वर्षं झाली की नोंदणी वाढत नाही, एप्रिल २०२३ पासून हा नियम आहे. आपल्या खासगी गाड्यांना पासिंग करून पुढची पाच-पाच वर्षं मिळतात, म्हणजे काळजी आपल्यालाच. काढलेलं जळकं ऑइल विहिरीच्या काठाला किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, ते पुढे गोळा करणाऱ्याकडे जातं.

मेव्हण्यानं आता डबीच्या झाकणावर बदलल्याची तारीख रंगानं लिहिली आहे. परवा गूळ घेऊन पुन्हा त्याच घाटानं गेला. मला म्हणाला, "दाजी, येणार का?" मी आधी झाकण बघितलं.