एका किरणासाठी तीन खंड

जगातल्या सर्वांत प्रगत चिप ज्या यंत्रावर छापल्या जातात, ते यंत्र एकच कंपनी बनवते: नेदरलँड्समधल्या वेल्डहोव्हनची एएसएमएल. चिपच्या पुरवठा साखळीतला हा मोठा धोका, असं तज्ज्ञ सांगतात. धोका खराच, पण त्याचं मूळ कारखान्यांच्या कमतरतेत नाही, संशोधनाच्या इतिहासात आहे.

चिपवरच्या रेषा प्रकाशाने उमटवतात. रेषा जितकी बारीक, तितकी कमी तरंगलांबी लागते. या यंत्रातल्या ‘ईयूव्ही’ (अतितीव्र अतिनील) किरणांची तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर आहे. हे किरण हवा शोषून घेते, काचही. म्हणून भिंगं बाद, आणि सगळं काम निर्वातात, आरशांवर. मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे अतिपातळ थर आलटून पालटून चढवलेले हे आरसे जर्मनीची झाइस कंपनी घडवते. तरीही प्रत्येक आरसा सुमारे ३० टक्के प्रकाश गिळतो. दहा आरसे ओलांडले की हाती उरतात जेमतेम तीन टक्के. त्यामुळे मुळातला झोतच कमालीचा प्रखर हवा. त्यासाठी वितळलेल्या कथलाचे, केसाच्या जाडीहूनही लहान थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० या वेगाने सोडतात. प्रत्येक थेंबावर लेझरचे दोन वार होतात. पहिल्याने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून हवा तो किरण बाहेर पडतो. हा लेझरही जर्मनीचाच, ट्रुम्फ कंपनीचा. प्रकाशस्रोताचं तंत्र सॅन दिएगोच्या सायमर कंपनीत पिकलं.

अशा किरणांनी प्रतिमा उमटवता येते, हे जपानमध्ये एनटीटी या दूरसंचार कंपनीच्या हिरोओ किनोशिता यांनी १९८६ मध्ये मांडलं, तेव्हा ऐकणाऱ्यांचा विश्वास बसला नव्हता. पुढे अमेरिकेच्या लिव्हरमोर, सँडिया आणि बर्कली या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी विषय हाती घेतला. १९९७ मध्ये इंटेलच्या पुढाकाराने चिप कंपन्यांचा संघ उभा राहिला आणि पुढे त्यात एएसएमएलला प्रवेश मिळाला. निकॉन आणि कॅनन या चिप छापणारी यंत्रं बनवणाऱ्या जपानी कंपन्यांना मात्र अमेरिकेने दार उघडलं नाही. आज दुसरा पुरवठादार नाही, याचं एक कारण मला त्या बंद दारात दिसतं.

उघडं दार काय करू शकतं, ते बेल्जियममधल्या ल्यूव्हेनला दिसतं. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या आयमेक या संस्थेत बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्यांचे अभियंते एकाच स्वच्छ-कक्षात काम करतात. स्पर्धा सुरू होण्याआधीचं संशोधन एकत्र, खर्च वाटून. २००६ मध्ये ईयूव्हीचं चाचणी-यंत्र इथे आलं, तसंच दुसरं न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनीला गेलं. यंत्रासोबत लागणारी प्रकाशसंवेदी रसायनं, रेषांचा आराखडा असलेले मास्क, दोष शोधण्याच्या पद्धती अशाच ठिकाणी वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झाल्या. या तंत्राच्या चिप फोनमध्ये पोचायला २०१९ उजाडलं. २०२२ मध्ये स्थापन झालेल्या जपानच्या रॅपिडस या चिप कंपनीनेही आयबीएम आणि आयमेकशीच हात मिळवला.

भारताने २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना जाहीर केली. धोलेऱ्याचा टाटांचा प्रकल्प तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीच्या तंत्रज्ञानावर उभा राहतो आहे. अशा करारातून आजची कृती मिळते. पुढच्या पिढीची मिळत नाही, ती एकत्र संशोधनातूनच येते. आयआयटी मुंबईच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रात देशभरातले संशोधक येऊन काम करतात. या केंद्रातल्या तरुणांना ल्यूव्हेन आणि अल्बनीच्या प्रयोगांत आताच, बरोबरीने जागा मिळावी, यासाठी योजनेत वेगळा पैसा हवा.