बीटी बियाणं असूनही बोंडात अळी कशी?

साकोलीहून एका श्रोत्याचा मेसेज आला: “दादा, आपल्याकडे धान. पण माझे मामा यवतमाळला कापूस लावतात. बीटी बियाणं घेऊनही गुलाबी अळी कशी येते?”

बीटी म्हणजे झाडात टाकलेलं एका जिवाणूचं जनुक. अळी पान-बोंड खाते आणि मरते. भारतात 2002 ला एका जनुकाचं बीटी आलं, 2006 ला दोन जनुकांचं. गुलाबी अळीने दोन्ही पचवायला शिकून घेतलं. 2017 ला विदर्भात बोंडंच्या बोंडं सडली. त्याच हंगामात यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले.

अळी शिकली कशी? बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या, बिगर-बीटी कापसाचं पाकीट यायचं. ते कडेने पेरायचं, म्हणजे तिथे बीटीला बळी पडणाऱ्या अळ्या टिकतात, त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळतात आणि चिवटपणा पातळ होतो. बहुतेकांनी ते पाकीट बांधावर फेकलं. (शेतकऱ्यालाच दोष देऊ नका, नीट समजावलं कोणी?) शिवाय आपलं बीटी हायब्रीड. एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष पूर्ण, काहींत अर्धवट, काहींत नाहीच. अळीची प्रॅक्टिसच झाली म्हणा ना.

पण खरी गोम फरदडीत आहे. डिसेंबरनंतर पाणी देऊन पीक पुढे ओढायचं, दोन वेचण्या जास्त मिळतात. हातात चार पैसे येतात, मोह कळतो. पण गुलाबी अळी जवळजवळ कापसावरच जगते. फरदड म्हणजे तिच्यासाठी उन्हाळ्यापर्यंतचा मेस. पुढे ती सरकीत, घरामागे रचलेल्या पऱ्हाट्यांच्या बोंडांत झोपून राहते आणि पावसाळ्यात पतंग होऊन बाहेर पडते.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सल्ला म्हणूनच साधा आहे: लवकर येणारं वाण, वेळेत पीक बंद, पऱ्हाट्यांचा चुरा करून जमिनीत. पेरणीनंतर दीड महिन्याने कामगंध सापळे लावायचे. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर येऊन अडकतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर फवारणी. डोमकळी, म्हणजे न उमलता गुलाबासारखं मिटलेलं फूल दिसलं, तर तोडून नष्ट करायचं.

आता मामांना फोन कराल तेव्हा आधी हे विचारा: गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या कुठे आहेत?