निळीने घडवलेला, निळीने बुडवलेला तुलूजचा वाडा

फ्रान्समध्ये 'ओतेल' या शब्दाचा अर्थ दरवेळी मुक्कामाची जागा असा होत नाही. 'ओतेल पार्तिक्युलिए' म्हणजे शहरातील सरदाराचा, न्यायाधीशाचा किंवा धनाढ्य व्यापाऱ्याचा खासगी वाडा. रस्त्याच्या बाजूला भिंत आणि मोठा दरवाजा, आत चौक आणि चौकाभोवती राहती घरे, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. मालकाचे वैभव रस्त्यावरून फारसे दिसत नाही. ते चौकात पाऊल टाकल्यावरच उमगते.

नैऋत्य फ्रान्समधील तुलूज हे शहर आज विमानांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. सोळाव्या शतकात मात्र त्याची श्रीमंती एका पानावर उभी होती. 'पास्तेल' नावाच्या वनस्पतीची पाने चक्कीत भरडून त्यांचे गोळे वळत. ते महिनोन्महिने वाळवून, पुन्हा फोडून आंबवले की कापड रंगवण्यासाठी निळा रंग मिळे. या गोळ्यांना 'कोकान्य' म्हणत. सुबत्तेच्या काल्पनिक प्रदेशाला फ्रेंच भाषेत 'कोकान्यचा देश' म्हणतात. त्या नावाचा उगम याच गोळ्यांत असल्याचे तुलूजकर आजही अभिमानाने सांगतात.

या व्यापारावर गबर झालेल्यांपैकी एक पिएर दासेझा. शहराचा कारभार पाहणाऱ्या 'कापितूल' मंडळातही त्याने स्थान मिळवले. या पदाबरोबर सरदारकीचा मान मिळत असे, तेव्हा राहते घरही त्याला साजेसे हवेच. १५५५ मध्ये त्याने निकोला बाशलिए या वास्तुविशारदाकडे वाड्याचे काम सोपवले. तुलूजच्या आसपास चांगला दगड मिळत नाही, म्हणून सारे शहर विटांचे. या वाड्यात विटांच्या गुलाबी भिंतींवर पांढऱ्या दगडाचे जोडखांब आहेत. तळमजल्यावर डोरिक, त्यावर आयोनिक आणि सर्वांत वर कोरिंथियन अशी त्यांची चढती मांडणी इटालियन ग्रंथांतून शिकलेली. कोपऱ्यातील जिन्याचा मनोरा मात्र जुन्या तुलूजच्या रिवाजाला धरून उभारलेला. मनोरा जितका उंच, तितकी मालकाची पत मोठी, असा तो काळ होता.

ही पत फार दिवस टिकली नाही. दासेझा प्रोटेस्टंट पंथाचा होता. १५६२ मध्ये धर्मयुद्धाचा भडका उडाला, तेव्हा त्याला शहर सोडावे लागले आणि वाड्याचे काम अर्धवट राहिले. त्याच सुमारास पास्तेलचा बाजारही कोसळला. याचे खापर सहसा भारतातून समुद्रमार्गे आलेल्या निळीवर फोडले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. आधी युद्धाने मळे आणि व्यापारी वाटा उद्ध्वस्त केल्या, मालाचा दर्जाही घसरला; निळीने केवळ उरलेले काम तमाम केले. रासायनिकदृष्ट्या दोन्हींतील रंगद्रव्य एकच, परंतु भारतीय निळीत ते कित्येक पटींनी अधिक. चौथ्या आंरीने १६०९ मध्ये निळीच्या वापरावर कडक बंदी घातली, तरी पास्तेलला पूर्वीचे दिवस पुन्हा आले नाहीत.

असे वाडे टिकले त्यामागे कायदा आहे. ३१ डिसेंबर १९१३ च्या कायद्याने ऐतिहासिक वास्तूंना दोन प्रकारचे संरक्षण दिले. पहिल्या, कडक वर्गातील वास्तूत मालकाला सरकारच्या परवानगीवाचून फेरफार करता येत नाहीत. दुसऱ्या वर्गातील निर्बंध तुलनेने सौम्य. १९४३ पासून अशा वास्तूच्या पाचशे मीटर परिसरातील बांधकामावरही नजर ठेवली जाऊ लागली. आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना, १९६२ मध्ये, जुन्या वस्त्या सलगपणे जपण्याची तरतूद झाली.

देशात अशा चाळीस हजारांहून अधिक संरक्षित वास्तू असून त्यांतील जवळपास निम्म्या खासगी मालकीच्या आहेत. खरी अडचण येथेच आहे. मान सार्वजनिक, पण गळके छप्पर मालकाचे! पहिल्या वर्गातील वास्तू कोसळण्याच्या बेतात असेल, तर सरकार मालकाला दुरुस्तीचा हुकूम देऊ शकते. मात्र अशा वेळी किमान निम्मा खर्च सरकारला सोसावा लागतो. जो मालक वास्तू लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवतो, त्याला प्राप्तिकरात अधिक सवलत मिळते. १९८४ पासून दर सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या वारसा दिनांना एरवी बंद असणारे अनेक दरवाजे उघडतात, तेव्हा रांगा लागतात.

दासेझाच्या वाड्याने वेगळी वाट धरली. तेओदोर ओझेन या बँकमालकाने १८९५ मध्ये तो शहराला देऊन टाकला, तोही तेथे विद्वत्सभांना जागा मिळावी या हेतूने. १३२३ मध्ये स्थापन झालेली 'फुलांच्या खेळांची अकादमी' ही काव्यसंस्था त्यांपैकीच एक. १९१४ मध्ये वाड्याला पहिल्या वर्गाचे संरक्षण मिळाले. १९९५ पासून तेथे बेंबेर्ग प्रतिष्ठानचे कलासंग्रहालय आहे. दुरुस्तीसाठी काही काळ बंद राहिल्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा उघडले.

बॉनारची चित्रे पाहायला येणाऱ्यांनी बाहेर पडताना चौकाच्या एका बाजूकडे जरूर पाहावे. तेथे खांबांची इमारत नाही. साध्या भिंतीवर कोरीव ब्रॅकेटांनी तोललेला एक सज्जा तेवढा आहे. १५६२ मध्ये राहून गेलेले काम ते हेच.