आंतरजालावरील माहितीची खतावणी

कीर्द आणि खतावणी यांतील भेद व्यापारी घरातील मुलालाही ठाऊक असतो. दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमाने कीर्दीत उतरतो. परंतु अमुक आसामीकडे येणे किती, हे कळावयाचे तर तीच रक्कम खतावणीत त्याच्या खात्यावर जावी लागते. नुसती कीर्द लिहून खतावणी न करणाऱ्या पेढीची जी अवस्था होईल, तीच आज इंटरनेटवर माहिती धुंडाळणाऱ्या पुष्कळांची झालेली आहे. कराच्या अधिसूचना, मालाचे भाव, निर्यातीचे नियम, मुलांच्या प्रबंधांची साधनसामग्री, हे सर्व वाचले जाते. पण चार महिन्यांनी हवे तेव्हा सापडत नाही. ही खतावणी करून देणारी सॉफ्टवेअर साधने अनेक आहेत. त्यांतून निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली कसोटी अशी की, साधन पानाचा केवळ पत्ता ठेवते, की पानाची प्रतही ठेवते? ब्राउझरमधील बुकमार्क म्हणजे नुसता पत्ता. घरातील माणसे बदलली, तरी पत्ता तोच राहतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे अनेक दर बदलले. ज्याने दरपत्रकाचा केवळ पत्ता ठेवला, त्यास तेथे पुढे नवे दर दिसणार. जुन्या बिलाच्या दिवशीचा दर दिसेलच असे नाही. या कायद्यान्वये हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तेव्हा ज्या दराने बिल केले, त्या दराची अधिसूचनाही क्रमांक व तारखेसह जवळ असणे शहाणपणाचे होय.

दुसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. वखारीत माल ठेवण्यापूर्वी तो परत काढण्याच्या अटी आपण विचारतो. तोच प्रश्न येथेही विचारावा. २००३ साली सुरू झालेली ‘डिलिशस’ ही पत्ते साठविण्याची लोकप्रिय सोय २००५ मध्ये याहूने घेतली. पुढे तिचे मालक अनेकदा बदलले आणि २०१७ मध्ये तीत नवी नोंद करणे बंद झाले. ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद पडले. लेख मागाहून वाचण्यासाठी साठविणारे ‘पॉकेट’ २००७ साली निघाले, २०१७ मध्ये मोझिलाकडे गेले आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद झाले. आपला संग्रह काढून घेण्यास काही महिन्यांची मुदत मिळाली, इतकेच. ‘एव्हरनोट’ चालू राहिले. तथापि डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या विनामूल्य खात्यावर ५० टिपणांची मर्यादा आली. या सेवांची नावे मोठी होती, मालकही मोठे होते. एवढ्याने संग्रहाची हमी मिळाली नाही.

म्हणून नवे साधन घेतल्यावर पहिल्याच दिवशी दहा नोंदी कराव्यात, त्या सर्व बाहेर काढाव्यात आणि दुसऱ्या एखाद्या साधनात उघडतात की नाही हे पाहावे. उघडत नसतील, तर त्या साधनात अकरावी नोंद करू नये.

तिसरी कसोटी कामाच्या स्वरूपाची. संदर्भसूची व तळटीपा यांची गरज असणाऱ्या विद्यार्थ्यास ‘झोटेरो’ योग्य. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली निर्माण झालेले हे साधन विनामूल्य आहे. ते पानाची प्रत, लेखक व तारीख यांसह आपल्याच संगणकावर ठेवते. त्याच्या दूरच्या साठ्यात जोडफायलींसाठी ३०० मेगाबाइटपर्यंत जागा फुकट मिळते, त्यापुढे वर्गणी पडते. स्वतःची टिपणे एकमेकांस जोडावयाची असतील, तर ‘ऑब्सिडियन’ पाहावे. त्यातील टिपणे साध्या मजकुराच्या फायलींत असल्यामुळे ती कोणत्याही यंत्रावर वाचता येतात. केवळ भावांची तुलना करावयाची असल्यास एक साधी एक्सेलची वही पुरते. तेथे मोठा सरंजाम मांडू नये.

साधन कोणतेही असो, शिस्त आपलीच लागते. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांनी सुमारे ९०,००० टिपणपत्रे लाकडी खणांत क्रमांक घालून ठेवली होती. त्यांच्यापाशी सॉफ्टवेअर नव्हते, क्रमांक होते. आपणही खाती मोजकीच पाडावीत. प्रत्येक नोंदीवर उगम, तारीख आणि ती कशासाठी ठेवली याची एक ओळ लिहावी. संपूर्ण संग्रहाची दुसरी प्रत महिन्यातून एकदा निराळ्या डिस्कवर काढून ती निराळ्या जागी ठेवावी.

आपल्या पेढीच्या वह्या आपल्याच तिजोरीत असतात. वर्षानुवर्षे कष्टाने जमविलेल्या माहितीची किल्लीही आपल्याच हाती राहील असेच साधन सभासद बंधुभगिनींनी निवडावे, एवढीच आग्रहाची सूचना आहे.