टिप्पणीतून ग्रंथ : सोर्स कोडमधून दस्तऐवज घडवणारी मुक्त सॉफ्टवेअर

कोणते फंक्शन काय करते, त्याला कोणती माहिती पुरवावी लागते आणि ते काय परत देते, याची लेखी नोंद म्हणजे सॉफ्टवेअरचे दस्तऐवजीकरण. ही नोंद कोडपासून वेगळ्या फाईलमध्ये ठेवली की कोड बदलत जातो आणि नोंद जिथल्या तिथे राहते. डोनाल्ड नूथ यांनी 1984 मध्ये ‘लिटरेट प्रोग्रामिंग’ या निबंधात यावर जो उपाय मांडला तो मुळावर घाव घालणारा होता : गद्य आणि कोड एकाच फाईलमध्ये लिहायचे, त्यातून ‘टँगल’ने कंपायलरसाठी पास्कल भाषेतला प्रोग्राम काढायचा आणि ‘वीव्ह’ने छपाईयोग्य मजकूर. ‘टेक’ ही त्यांची अक्षरजुळणी प्रणाली याच पद्धतीने लिहिली गेली. मात्र या पद्धतीत प्रोग्रामरला निबंधकारही व्हावे लागते, आणि तेवढी तयारी असलेले थोडेच निघाले.

पुढे रुळली ती त्याहून माफक वाट. जावा भाषेबरोबर आलेल्या ‘जावाडॉक’ने असा संकेत पाडला की, एक तिरकी रेघ आणि दोन तारकांनी सुरू होणारी टिप्पणी कंपायलरने सोडून द्यावी, पण दस्तऐवज घडवणाऱ्या साधनाने वाचावी. सी आणि सी++ लिहिणाऱ्यांना अशी सोय मिळवून देणारे सर्वांत प्रभावी मुक्त साधन म्हणजे दिमित्री व्हान हीश या डच प्रोग्रामरने 1997 मध्ये प्रसिद्ध केलेले ‘डॉक्सिजन’. ते जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली मिळते, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि त्याच अटींवर पुढे देता येतो. त्याने तयार केलेल्या दस्तऐवजांना मात्र हा परवाना लागू होत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि त्यामुळे बंदिस्त कोड लिहिणाऱ्या कंपन्याही ते निर्धास्तपणे वापरू शकतात.

डॉक्सिजन कोड कंपाईल करत नाही, तर ‘फ्लेक्स’ या साधनाने घडवलेल्या विश्लेषकाकरवी तो नुसता वाचते. त्यामुळे अर्धवट राहिलेल्या प्रकल्पाचाही दस्तऐवज निघतो, पण गुंतागुंतीच्या सी++ रचनांपुढे हा विश्लेषक कधीकधी फसतो. पायथनसाठीच्या ‘स्फिंक्स’मधील ‘ऑटोडॉक’ याच्या उलट मॉड्यूल प्रत्यक्ष लोड करते, आणि लोड होताच चालणारे काही त्या फाईलमध्ये असेल तर दस्तऐवज बनवतानाच ते चालून जाते.

या साधनांची खरी मर्यादा एका साध्या उदाहरणात दिसते. मालाचे वजन घेऊन भाडे सांगणारे एक फंक्शन आहे असे समजू. त्यातल्या घटकाचे नाव बदलले आणि टिप्पणीत जुनेच राहिले, तर असा घटकच नाही, असा इशारा डॉक्सिजन देते. परंतु वजन पूर्वी ग्रॅममध्ये अपेक्षित होते आणि आता किलोग्रॅममध्ये आहे, हा बदल टिप्पणीत उतरला नाही, तर इशारा येत नाही आणि चुकीचे वाक्य सुबक पानावर छापले जाते. विसंगत टिप्पणीपेक्षा टिप्पणी नसलेली बरी, कारण सुबक पानावर वाचकाचा विश्वास बसतो.

म्हणून या क्षेत्रातली सर्वांत मोलाची भर मजकूर उचलण्यात नसून तपासण्यात पडली आहे, असे म्हणावे लागते. पायथनचे ‘डॉकटेस्ट’ टिप्पणीत दिलेले उदाहरण चालवून पाहते आणि उत्तर जुळले नाही तर तक्रार करते. ‘रस्ट’ भाषेच्या ‘रस्टडॉक’ने तर टिप्पणीतली उदाहरणे चाचण्या म्हणून चालवणे हा नेहमीच्या कामाचाच भाग केला. वरच्या फंक्शनला असे एक उदाहरण जोडलेले असते, तर ग्रॅमचा किलोग्रॅम होताच ते अडले असते.

लिनक्स कर्नलने 2016 मध्ये ‘डॉकबुक’ ही दस्तऐवजांची आधीची यंत्रणा सोडून स्फिंक्सकडे वाटचाल सुरू केली, तेव्हा कोडमधल्या टिप्पण्यांची घडण बहुतांशी तशीच राहिली आणि बदलली ती पुढची यंत्रणा. टिप्पणी साध्या मजकुरात आणि साधन खुले असल्याचा हा लाभ.

साधन खुले असल्याने त्यात नवी भाषाही जोडता येते. डॉक्सिजन स्वतःहून पानावर जी वाक्ये घालते, उदाहरणार्थ अमुक व्याख्या अमुक फाईलच्या अमुक ओळीवर आहे, ती प्रत्येक भाषेसाठी सी++ च्या एका वेगळ्या फाईलमध्ये असतात. तिथे शब्दांची नुसती यादी पुरत नाही. ‘अ, ब आणि क’ अशी जोडणी कशी करायची, एकवचन कुठे आणि अनेकवचन कुठे, हे त्या त्या भाषेच्या वळणाने लिहावे लागते. अर्थात प्रोग्रामरने लिहिलेल्या टिप्पण्या यामुळे भाषांतरित होत नाहीत. या भाषांमध्ये हिंदी आहे, मराठी नाही. नवी भाषा कशी जोडावी हे डॉक्सिजनच्याच मार्गदर्शिकेत दिले आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी ही एक फाईल हाती घ्यावी.