आजीची मांडी आणि नातवाचा मेंदू

सकाळी मुलगा आणि सून कामावर निघून जातात, दार लागते आणि दीड-दोन वर्षांचे नातवंड आपल्या हाती उरते. पुढचे आठ-दहा तास त्याचे खाणे, झोपणे, हसणे आणि रुसणे आपल्याभोवतीच फिरत असते. ‘आम्ही आपले सांभाळतो, घडवायचे काम त्याच्या आईवडिलांचे,’ असे पुष्कळ आजी-आजोबा विनयाने म्हणतात. परंतु या वयात सांभाळणे आणि घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी नसतात.

बाळ जन्माला येते तेव्हा त्याच्या मेंदूतील बहुतेक पेशी तयार असतात. त्या पेशींना एकमेकींशी जोडणारे दुवे मात्र पुढे, अनुभवातून निर्माण होतात. पहिल्या काही वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक दुवे जुळतात, असा हार्वर्ड विद्यापीठातील बालविकास केंद्राचा अंदाज आहे. जे दुवे वारंवार वापरले जातात ते बळकट होतात, जे वापरात येत नाहीत ते हळूहळू गळून पडतात. वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेले असते. म्हणजेच हे सारे बांधकाम चालू असताना मूल ज्यांच्या सहवासात असते, ती माणसे त्या कामात सहभागी असतातच.

हे काम होते तरी कसे? महागड्या खेळण्यांनी नव्हे, तर देवाणघेवाणीने. बाळ खिडकीकडे बोट दाखवते, आपण म्हणतो, ‘हो रे, कावळा आला! काव काव करतोय.’ ते हसते, आपणही हसतो. त्याने काही सुचवावे आणि आपण त्याला प्रतिसाद द्यावा, एवढ्या साध्या व्यवहारातून भाषा, स्मरण आणि विश्वास यांची वीण बसते. प्रतिसाद थांबला तर काय होते, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एका प्रयोगातून दाखवले. बाळाशी हसून-खेळून बोलणाऱ्या आईला त्यांनी काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवण्यास सांगितले. बाळाने आधी हसून, हात पुढे करून तिला आपल्याकडे वळवण्याचा प्रयत्न केला. ते साधेना तेव्हा बाळ अस्वस्थ झाले. आपल्या हातात मोबाइल असतो आणि नजर त्यात गुंतलेली असते, तेव्हा समोरच्या नातवाला आपला चेहरा कसा दिसत असेल, याचा विचार जरूर करावा.

मोबाइलचा विषय निघालाच आहे, तर भरवण्याबद्दलही बोलू. समोर गाणी लावली की वरणभात झटपट संपतो, हा अनुभव खोटा नाही. परंतु त्यामुळे पोट भरल्याची जाणीव मुलाला कळेनाशी होते आणि जेवताना होणारा संवादही बुडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या वर्षात मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, एक वर्षाच्या मुलालाही बसवणे टाळावे, आणि दोन ते चार या वयात तो वेळ एका तासाच्या आत ठेवावा. त्याऐवजी चिऊ-काऊचे घास भरवावेत. दोन घास कमी गेले, तरी एका वेळेने काही बिघडत नाही.

दुसरी सवय धाक दाखवण्याची. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल,’ हे वाक्य आपण आपल्या लहानपणी ऐकले आणि आपल्या मुलांनाही ऐकवले. त्याने मूल गप्प होते, शांत होत नाही. भीतीने शरीर सावध होते, आणि सावध मनाला झोपही नीट लागत नाही. राग आवरणारा, विचार करून थांबणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण परिपक्व होण्यास विशीचा मध्य उजाडतो. मग दोन वर्षांच्या मुलाने हट्ट करताना स्वतःला आवरावे, ही अपेक्षाच चुकीची नाही का? त्या क्षणी त्याला उसनी शांतता हवी असते, आणि ती आपल्याकडून मिळते. त्याला जवळ घ्यावे, आवाज खाली आणावा, ‘खेळणे मोडले म्हणून तुला राग आला ना?’ असे त्याच्या भावनेला नाव द्यावे. हट्ट पुरवलाच पाहिजे असे नाही. भावना समजून घेऊनही नकार देता येतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नातू बोलत नाही म्हणून सून काळजी करते आणि आपण तिला धीर देतो, ‘अगं, याचा बापही उशिराच बोलला.’ हेतू चांगला असतो, परंतु या धीरामुळे कधी कधी मोलाचे महिने हातचे जातात. वर्ष झाले तरी बाळ बडबड करत नाही किंवा बोटाने दाखवत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, किंवा आधी येत असलेले शब्द विसरते, यांपैकी काहीही आढळल्यास वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि श्रवण तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. अंगणवाडी सेविका त्याची माहिती देऊ शकतात. तपासणीत काही निघाले नाही तर आनंदच आहे. काही निघाले, तर लवकर सुरू केलेल्या उपचारांचा लाभ अधिक होतो. घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी कानावर पडते म्हणून मूल बोलत नाही, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. दोन भाषांमुळे असा दोष उद्भवत नाही. आपण आपल्या मराठीत मनसोक्त बोलावे.

दोन पिढ्यांची मते जुळत नाहीत, हेही खरे. परंतु तो वाद मुलासमोर नको. आईने नाही म्हटलेली गोष्ट आजीने गुपचूप दिली, की मुलाला कोणाचे ऐकावे हेच कळेनासे होते. झोपेची वेळ, गोड खाणे आणि मोबाइल या तीन बाबतींत तरी सर्वांनी मिळून एक नियम ठरवावा.

आणि मुला-सुनांनो, हे आपल्यासाठी. गुडघे दुखणारी, रक्तदाबाची गोळी घेणारी व्यक्ती दिवसभर धावत्या मुलामागे असते. थकलेल्या माणसाकडे उसनी देण्यासारखी शांतता उरत नाही. आठवड्यातून एक दिवस त्यांना पूर्ण सुट्टी द्यावी, त्यांच्या औषधपाण्याची विचारपूस करावी.

आजी-आजोबांनो, आपणही दुपारी नातवंड झोपले की भांडी आवरत बसू नये. त्याच्या शेजारी घटकाभर आडवे व्हावे. जागे झाल्यावर त्याला आपला ताजा, हसरा चेहरा दिसणे अधिक गरजेचे आहे.