माणशी ४,१२२ रुपये म्हणजे नेमकं काय?

२०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भारतासमोर आकडा आहे ४,१२२ रुपये. ‘खेड्यातलं घर महिन्याला चार हजारांवर चालतं’ किंवा ‘खेड्यातला माणूस चार हजारच कमावतो’ असे त्याचे दोन अर्थ लावले जातात. दोन्ही चूक. आकडा घराचा नाही, माणशी आहे. पाच माणसांच्या घराला तो वीस हजारांवर जातो. तो कमाईचाही नाही, खर्चाचा आहे. शिवाय सरासरीच ती. खेड्यांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांचा माणशी खर्च १,६७७ रुपये आहे, शहरांतल्या सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा २०,३१०.

मग सरळ कमाईच का विचारत नाहीत? विचारून पाहिली होती. १९५० च्या दशकात आणि पुन्हा १९८३-८४ मध्ये तसे प्रयोग झाले. लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च-बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरलं. यात नुसती लपवाछपवी नसते. कांदा विकला, त्यातून बियाणं, खत, मजुरी, उसनवारी वजा जाता हाती काय राहिलं, हे महिन्याच्या हिशेबात सांगणं शेतकऱ्याला खरंच जड जातं. घरात तेल किती आलं, हे मात्र कुणीही पटकन सांगतं. त्यामुळे आपल्याकडे गरिबीचा अभ्यास खर्चावरूनच होत आला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्यात बसून केलेली, १९७१ साली गाजलेली गरिबीची मांडणीही राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या आकड्यांवरच उभी होती.

खर्च म्हणजे खिशातून गेलेला पैसा, हाही अर्धाच समज. घरच्या शेतातली ज्वारी, गोठ्यातलं दूध यांचीही किंमत लावून ती खर्चात धरतात. उलट घरकर्जाचा हप्ता निम्मा पगार खात असला, तरी तो उपभोगात येत नाही. आणि रेशनवर फुकट मिळालेलं धान्य? ४,१२२ मध्ये ते नाही. योजनांतून फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली की आकडा ४,२४७ होतो. दोन्ही आकडे अधिकृतच आहेत, पण एका बातमीत एक आणि दुसरीत दुसरा आला की ‘बघा, आकडे फिरवले’ अशी ओरड होते.

‘कुटुंब’ कशाला म्हणायचं, याचं उत्तर मात्र आपल्या भाषेत आधीपासूनच आहे. भाऊ वेगळे झाले की आपण ‘चूल वेगळी झाली’ म्हणतो. पाहणीचा नियमही तोच: सहसा एकत्र राहणारे आणि एका स्वयंपाकात जेवणारे ते एक कुटुंब. एकाच वाड्यात दोन चुली असतील तर कुटुंबं दोन. वसतिगृहात राहणारी लेक आईवडिलांच्या कुटुंबात धरत नाहीत. तिचं एकटीचं कुटुंब.

‘आमच्या दारी तर कुणी आलंच नाही,’ ही तक्रार हमखास येते. येणार कसं? देशभरातून २,६१,९५३ कुटुंबंच निवडली होती. शितावरून भाताची परीक्षा म्हणा हवं तर, फक्त शीत भात ढवळून घ्यावं लागतं. म्हणून निवडीआधी गावातली कुटुंबं जमिनीवरून आणि शहरातली चारचाकीवरून गटांत वाटली गेली. तरीही बड्या सोसायटीच्या फाटकावर अडवलं जाणं काही चुकत नाही, त्यामुळे श्रीमंतांचा खर्च अशा पाहण्यांत कमीच उतरतो असं मला वाटतं.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना तर दहादा थांबावं. २०११-१२ मध्ये ग्रामीण माणशी खर्च १,४३० होता, २०२२-२३ मध्ये ३,७७३ झाला. अडीचपटीहून जास्त! पण महागाई बाजूला काढली की २०११-१२ च्या किमतींत तो २,००८ उरतो. तेही सरळ जोडता येत नाही, कारण वस्तूंची यादी ३४७ वरून ४०५ झाली आणि एका भेटीऐवजी तीन भेटींत प्रश्न विचारले गेले. मधली, २०१७-१८ ची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही.

सर्वांत जास्त संताप होतो तो बेरोजगारीच्या आकड्यावर. तो दुसऱ्या पाहणीतून, श्रमशक्तीच्या पाहणीतून येतो. २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्के होता आणि अनेकांना हसू आलं. या मोजमापात मागचं वर्ष बघतात, त्यात तीसेक दिवसांचं जोडकामही धरतात. मागच्या आठवड्यापुरतं विचारलं की त्याच वर्षाचा आकडा ४.९ होतो, आणि तिथेही आठवड्यात एक तास काम केलेला माणूस बेरोजगार ठरत नाही. काम होतं का, एवढंच हा आकडा सांगतो. ते पोटापुरतं होतं का, हे सांगत नाही. काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात आहेत, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारेही त्यातच.

कामात किंवा कामाच्या शोधात असलेल्या, पंधरा वर्षांवरच्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून ४१.७ वर गेलं, ते वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं. ‘ताई, तुम्ही काय काम करता?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ असं उत्तर येतं. मग अन्वेषक विचारतो, ‘डेअरीला दूध जातं ना? म्हशींचं कोण बघतं?’ ‘ते मीच की.’ आणि ताईंचा रकाना बदलतो.